न आलेल्या गाड्या

वाकडी नदीवर पंधरा दिवस बसून गाड्या मोजायचं काम निजामुद्दीनकडं आलं, ते दुसऱ्या कुणाला नको होतं म्हणून. तो औरंगाबादला सरकारच्या एका बांधकाम कचेरीत मुन्शी होता. अठरा वर्षं त्यानं दुसऱ्यांचे मजकूर सुवाच्य अक्षरात उतरवून काढले होते. घर उस्मानपुऱ्यात, कचेरी पायी पाव तासावर, आणि संध्याकाळी वेळेवर घरी पोचणारा माणूस अशी त्याची ख्याती. अशा माणसानं भर भादव्यात पाचोडच्या पलीकडं नदीकाठी राहुटी ठोकून राहायचं म्हटल्यावर बायकोनं, जाहेदानं, दोन रजया बांधून दिल्या आणि छत्रीच्या काड्या स्वतः तपासून पाहिल्या.

त्या वर्षांत कापसाचे भाव कोसळले होते. हात आखडून बसण्यापेक्षा अशा दिवसांत रस्त्यांवर आणि पुलांवर खर्च करावा, लोकांना काम मिळेल आणि काम संपलं तरी रस्ता मागं राहील, असा विचार हैदराबाद रियासतीच्या मोठ्या लोकांनी केला होता. औरंगाबादच्या वाट्याला दोन पूल आले. नद्या होत्या पाच. कुठल्या दोन निवडायच्या, हे ठरवायला वरून एक छापील तक्ता आला. पंधरा दिवस गाड्या मोजा. रोजची सरासरी ऐंशीच्या वर गेली तरच त्या नदीचं नाव पुढं पाठवा. तक्ता वैशाखात निघाला होता, पण या मेजावरून त्या मेजावर फिरत कचेरीत पोचेपर्यंत पावसाळा अर्धा सरला होता.

पाचोडच्या पुढं तीन मैलांवर वाकडी रस्ता अडवून वाहायची. पलीकडं अकरा गावं. त्या गावांचा आठवडी बाजार पाचोडला आणि कापूस औरंगाबादच्या जिनिंगला. निजामुद्दीननं अलीकडच्या काठावर, एका बाभळीखाली राहुटी लावली आणि तक्ता मांडीवर घेतला. भरलेली बैलगाडी, रिकामी बैलगाडी, घोडा, उंट, पायी माणूस, जनावरांचा कळप, असे रकाने होते. सगळ्यांच्या वर एकच शब्द ठळक छापला होता: पार झालेले.

पहिल्या दिवशी एक्क्याऐंशी गाड्या झाल्या. दुसऱ्या दिवशी अठ्ठ्याहत्तर. तिसऱ्या दिवशी वरच्या अंगाला कुठं तरी पाऊस कोसळला आणि वाकडी तांबडं पाणी घेऊन आली. त्या दिवशी रकान्यात पूज्य पडलं, चौथ्या दिवशीही पूज्य.

पाण्याचा जोर थोडा ओसरला की पुंजारामचं काम सुरू व्हायचं. हा कोळी. वय पन्नाशीला टेकलेलं, अंगानं काटक. त्याच्याकडं गूळ करायची एक जुनी लोखंडी काहील होती. त्या काहिलीत पाच-सहा माणसं बसवून लांब बांबूच्या रेट्यानं तो त्यांना पार करायचा. काहील गरगर फिरायची, आत बसलेली माणसं देवाचं नाव घ्यायची, आणि पुंजाराम शांतपणे बांबू रोवत राहायचा. कुणी पैसा द्यायचं, कुणी पसाभर ज्वारी. पावसाळ्याचे चार महिने त्याचं घर या नदीवर चालत होतं.

पाचवा दिवस बाजाराचा होता. सकाळी निजामुद्दीन तोंड धुऊन बाहेर आला, तर पलीकडच्या काठावर गाड्यांची रांग लागलेली. त्यानं मोजल्या. चौसष्ट. गाडीवाले पाण्यात उतरून मांडीपर्यंत जायचे, परतायचे, एकमेकांशी बोलायचे. दुपार कलली तशा एकेक करून गाड्या वळल्या आणि आल्या वाटेनं निघून गेल्या. निजामुद्दीन पेन्सिल हातात धरून बघत राहिला. चौसष्ट गाड्या त्यानं डोळ्यांनी पाहिल्या होत्या, पण पार एकही झाली नव्हती. त्यानं पुन्हा पूज्य मांडलं.

त्याच दिवशी पुंजारामच्या काहिलीतून पलीकडच्या शिंगोरी गावची चतुराबाई उतरली. डोक्यावर हिरव्या मिरच्यांची पाटी. तिनं ओंजळभर मिरच्या पुंजारामच्या पंच्यात टाकल्या, तेच तिचं भाडं. राहुटीपाशी ती पाणी प्यायला थांबली, तेव्हा निजामुद्दीननं सहज चौकशी केली. जमीन घरची, विहीर बांधलेली, उन्हाळ्यातही पाणी हटत नाही. मिरच्या मात्र दोनच वाफे. पाणी एवढं असून दोनच का, असं त्यानं विचारलं.

"डोक्यावर जेवढं बसतं तेवढंच लावते, मुन्शीजी," चतुराबाई म्हणाली. "जास्तीचं पिकवून दावू कुणाला? नदीला?"

ती पाटी उचलून पाचोडच्या वाटेला लागली. निजामुद्दीन दिवसभर त्या दोन वाफ्यांचा विचार करत होता. वळून गेलेल्या गाड्या निदान दिसल्या तरी होत्या. चतुराबाईनं न लावलेले वाफे कुणालाच दिसले नव्हते, आणि तशी रानं अकरा गावांत किती असतील याचा त्याला अंदाजच येईना.

पंधरा दिवस भरले. सरासरी आली त्रेपन्न.

शेवटच्या दिवशी पाचोडचे तात्यासाहेब मोटार घेऊन काठावर आले. धान्याचे आणि कापसाचे मोठे आडते, स्वभावानं उतावळे पण मनानं दिलदार. पूल व्हावा ही त्यांची जुनी इच्छा होती. त्यांनी आकडा विचारला, ऐकला, आणि हळू आवाजात सुचवलं, की त्रेपन्नच्या जागी त्र्याण्णव लिहिलं तर कुणाचं काय बिघडतं? पूल लोकांच्याच कामाचा आहे. काठावर येऊन पुन्हा मोजायला कोण बसलंय?

निजामुद्दीननं नकार दिला. तात्यासाहेबांना तो भित्रा वाटला असेल, पण कारण वेगळं होतं. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी एका ठेकेदारानं पुरवलेले फुगवलेले आकडे त्यानं मुकाट्यानं उतरवून दिले होते. त्या आकड्यांवर एक पक्का रस्ता झाला, थेट एका जहागीरदाराच्या आमराईपर्यंत. त्या रस्त्यावर पुढं गवत उगवलं. ज्या गावचं काम त्यापायी मागं पडलं होतं, त्या गावाची माणसं पुढची कितीतरी वर्षं कचेरीत अर्ज घेऊन यायची, आणि ते अर्ज निजामुद्दीनच नोंदवून घ्यायचा. खोट्या आकड्याचा पैसा कुणाच्या तरी खऱ्या गरजेतून जातो, हे तेव्हा तो शिकला होता.

पण त्रेपन्न लिहून गप्प बसणंही त्याला खोटंच वाटत होतं. त्यानं आठ दिवसांची हक्काची रजा टाकली आणि पुंजारामला म्हणाला, मला पलीकडची गावं दाखव.

पुंजारामनं आनंदानं दाखवली. कुठल्या वाडीत किती बैलजोड्या, कोण भादव्यात घरी बसून असतो, कुणाचा कापूस अठरा मैलांचा वळसा घालून जातो, हे त्याला तोंडपाठ होतं. नदीवर आयुष्य काढलेल्या माणसाला येणाऱ्यांइतकेच न येणारेही ठाऊक असतात. आपल्या या मदतीतून खरंच पूल उभा राहील, असं मात्र त्याला एकदाही वाटलं नाही. असे किती कागद या नदीवरून गेले, असं तो हसून म्हणायचा. निजामुद्दीन घरोघर ओसरीवर बसून विचारत गेला, गाडी आहे का, पावसाळ्यात कितीदा जुंपता, वाट असती तर काय लावलं असतं. लोकांना आधी हा प्रश्न कळायचाच नाही. मग एकदा बोलायला लागले की थांबायचे नाहीत. अकरा गावांत एकशे सेहेचाळीस गाड्या निघाल्या. पावसाळ्याच्या चार महिन्यांत त्यातल्या सत्तरावर गाड्या गोठ्याच्या बाहेर येत नव्हत्या.

घरी आल्यावर रजेच्या उरलेल्या दिवसांत तो दुपारभर ओट्यावर बसून हे सगळं लिहून काढायला लागला. जाहेदा तांदूळ निवडत शेजारी बसायची. एका दुपारी तिनं विचारलं, एवढं काय चाललंय? नदी पार करू न शकलेल्या लोकांची यादी करतोय, असं त्यानं सांगितलं. जाहेदाची धाकटी बहीण फहमिदा शिंगोरीलाच दिलेली होती. तिची दोन्ही बाळंतपणं पावसाळ्यात झाली आणि दोन्ही वेळा जाहेदा पाचोडपर्यंत जाऊन परत आली होती.

"मैं पन तो नई जा सकी," ती सुपातली नजर न काढता म्हणाली. "मेरेकू गिने क्या?"

निजामुद्दीनची लेखणी थांबली. अकरा गावांत ज्यांचा शोध घेत तो फिरला होता, त्यातलं एक माणूस त्याच्या घरात होतं आणि त्यानं कधी विचारलं नव्हतं. त्यानं बायकोचं नाव, तारखा विचारून घेऊन, यादीत घातलं.

कचेरीत शिरस्तेदार, म्हणजे मुख्य कारकून, अनंतराव होते. मेजावरचा प्रत्येक कागद शेवटपर्यंत वाचणारे, आणि वाचून झाल्यावर उसासा टाकणारे गृहस्थ. निजामुद्दीननं त्रेपन्नचा तक्ता दिला आणि त्याला जोडून चाळीस पानं. अनंतरावांनी तीन दिवस ती पानं घरी नेली. चौथ्या दिवशी त्यांनी निजामुद्दीनला जवळ बसवून घेतलं. अशा मजकुराला तक्त्यात जागा नाही आणि हे वर पाठवलं तर आपल्याला बोलणी खावी लागतील, हे त्यांनी आधी सांगून टाकलं. मग म्हणाले, की या वाकडीची फाइल त्यांनी तीनदा पाहिली आहे. एकदा उन्हाळ्यात मोजणी झाली होती. कोरड्या पात्रातून गाड्या मजेत जात होत्या, तेव्हा पुलाची गरज नाही असा शेरा पडला. एकदा पावसाळ्यात झाली. गाड्या जातच नव्हत्या, तेव्हाही गरज नाही असाच शेरा पडला.

"आणि रेल्वेत सरकारनं केवढा पैसा घातला बघा," अनंतराव पुढं म्हणाले. "डबे निम्मे रिकामे जातात म्हणून ओरड चाललीय. जातील नाही तर काय? माल वाकडीच्या काठावरून परत जातोय."

त्यांनी चाळीस पानांवर आपली सही केली आणि ती मोहतमीम साहेबांपुढं, म्हणजे कचेरीच्या मुख्य इंजिनियरांपुढं ठेवली.

साहेब हैदराबादचे, शिस्तीचे आणि कमी बोलणारे. त्यांनी निजामुद्दीनला उभं करून विचारलं, की मोजायला सांगितलं होतं पार झालेल्यांना, हे न आलेल्यांना मोजायचं कुणी सुचवलं? जे आलंच नाही त्याचा आकडा खरा कसा मानायचा? निजामुद्दीनला मोठ्या माणसांपुढं बोलायची सवय नव्हती. पण उत्तर त्याच्याकडं होतं, रोज कचेरीला येताना ज्याच्यावरून तो चालत यायचा तेच.

"साहेब, या शहराची जमिनीखालची नहर खणली तेव्हा इथं एवढे पाणी पिणारे नव्हतेच," तो म्हणाला. "आधी डोंगरातून पाणी आलं. मग माणसं आली, बागा आल्या, पानचक्की फिरली. तेव्हा कुणी आधी घागरी मोजत बसलं असतं तर नहर झाली नसती."

साहेबांनी कागद बाजूला ठेवले. जा म्हणाले. महिन्याभरानं हुकूम निघाला, की वाकडीच्या पात्राची पाहणी करावी.

मार्गशीर्षात पाहणीची मंडळी साखळ्या आणि पहारी घेऊन काठावर आली, तेव्हा पुंजाराम पहिल्यांदा हसायचा थांबला. आता हे खरंच होणार होतं. ओव्हरसियरनं पात्रात तीन ठिकाणी खड्डे घेतले, तिन्हींत वाळूच वाळू लागली. नदीचा जाणता म्हणून त्यानं पुंजारामला बोलावून विचारलं, वाळूखाली कुठं खडक आहे का. पुंजारामनं मान हलवली. "तळ नाय साहेब हिला," तो म्हणाला. "माझ्या बापालाबी लागला नाय."

पाया खोल न्यावा लागणार असं धरून अंदाज काढला गेला. तो एवढा मोठा झाला, की त्यात दुसरीकडचे दोन पूल झाले असते. वाकडीचं नाव यादीतून गळलं. निजामुद्दीनला वाईट वाटलं, पण त्याच्या हातात जेवढं होतं तेवढं त्यानं केलं होतं. चाळीस पानं फायलीत गेली, फाइल कपाटात गेली.

शिंगोरीत मात्र ही बातमी कुणी पोचवली नाही. मुन्शीजी घरोघर येऊन गेले, मग साखळ्या घेऊन माणसं आली, म्हणजे पूल होणार, असंच लोकांनी धरलं. चतुराबाईनं पुढच्या साली दोनाचे आठ वाफे केले. विहिरीचं पाणी दिलं, रोपं कमरेएवढी झाली, झाडं मिरच्यांनी लगडली. आणि भादव्यात वाकडी सलग अकरा दिवस फुगून राहिली. काहीलसुद्धा घालता येईना. चतुराबाई रोज एक पाटी तोडून काठावर आणून ठेवायची आणि पाण्याकडं बघत बसायची. मिरच्या आधी मऊ पडल्या, मग तांबड्या-काळ्या झाल्या, मग त्यांना वास सुटला. बाराव्या दिवशी पाणी उतरलं तेव्हा ती एका पाटीपुरत्या निवडलेल्या मिरच्या घेऊन काहिलीत बसली. तिनं कुणाला बोल लावला नाही. पलीकडं उतरल्यावर तिनं नेहमीसारख्याच ओंजळभर मिरच्या पुंजारामच्या पंच्यात टाकल्या आणि गेली.

त्या मिरच्या पुंजारामला घरी नेववेनात. त्यानं त्या काठावरच सोडल्या. दोन दिवस तो नीट जेवला नाही. तिसऱ्या दिवशी काहील उपडी घालून त्यानं औरंगाबादची वाट धरली.

शुक्रवारची नमाज पढून निजामुद्दीन घरी आला, तर ओट्याच्या पायरीवर पुंजाराम बसलेला. तीस मैलांहून जास्त चालत आला होता, पायांना चिखल वाळून पापुद्रे सुटले होते. जाहेदानं आधी पाणी दिलं, मग आपल्या घरचं जेवण त्याला चालेल का ते विचारून घेऊन शेजारच्या कालिंदीबाईंकडून भाकरी आणि पिठलं मागवलं. तो खाऊन होईपर्यंत कुणी काही विचारलं नाही. हात धुतल्यावर तोच बोलला.

"मुन्शीजी, खडक हाय. वरच्या वळणावर. हातभर वाळू, आन् खाली सलग खडक, या काठापासनं त्या काठापोतर. माझा बांबू रोज तिथं वाजतो."

"मग तेव्हा का नाही बोललास?"

"पूल झाला तर मी काय खाणार व्हतो?" पुंजाराम म्हणाला. "तुमच्या कागदात समदे घेतले तुमी. मला नाय घेतलं."

चिडायचा हक्क निजामुद्दीनला होता. एका माणसाच्या खोट्यापायी अकरा गावांचं वर्ष बुडालं होतं. पण चाळीस पानं त्याला पाठ होती आणि त्यात पुंजारामचं नाव वाट दाखवणारा म्हणून एकदा आलं होतं, तेवढंच. नदीवर ज्याचं पोट आहे त्याचं पुढं काय, हा प्रश्न त्याच्या मनातच आला नव्हता. चतुराबाईच्या आठ वाफ्यांची हकीकत पुंजारामनं सांगितली. मग तो उठला आणि आता काय करायचं ते तुम्ही करा, तुरुंगात घालायचं तर घाला, असं म्हणून परत चालायला लागला.

शनिवारी निजामुद्दीननं अनंतरावांना सगळं सांगितलं. दोघांनाही एकच भीती होती. सरकारी पाहणीला खोटी माहिती दिली म्हणून त्या कोळ्यावर खटला होऊ शकत होता. नवीन माहिती हाती आली एवढंच लिहावं आणि नाव गाळावं, असं अनंतरावांनी सुचवलं. तसंच लिहिलं. पण मोहतमीम साहेबांच्या नजरेतून ते सुटलं नाही. त्यांनी निजामुद्दीनला बोलावून सरळ विचारलं, हा खडक ज्याला ठाऊक होता त्याला तो गेल्या वर्षी का आठवला नाही?

निजामुद्दीननं खरं ते सांगितलं. तो माणूस काहिलीतून लोकांना पार करतो. पूल झाला की त्याची काहील गेली. "हुजूर, त्यानं आपल्या पोटासाठी खोटं सांगितलं," तो म्हणाला. "आणि त्याच्या पोटाचा विचार मी माझ्या कागदात केला नव्हता. चूक दोघांची आहे."

साहेबांनी कागद पुढं ओढला. त्यांनी त्या माणसाचं नाव विचारलं नाही. हिवाळ्यात पुन्हा खड्डे घ्या, वरच्या वळणावर, एवढंच त्यांनी कागदावर लिहिलं.

खडक निघाला. पुंजारामनं स्वतः पुढं चालत बांबू आपटून जागा दाखवली, आणि एकही जागा चुकली नाही. उंच कमानींच्या पुलाला तरीही मंजुरी आली नाही. ते पैसे दुसऱ्या नदीवर आधीच खर्ची पडले होते. पण खडक एवढा वर होता, की थोडक्या खर्चात दगडी फरशीचा पूल होण्यासारखा होता, पात्राच्या अंगालगत बुटका, मोठा पूर आला की पाणी त्याच्यावरून जाईल आणि काही तासांत ओसरेल असा. तो मंजूर झाला. दोन उन्हाळे काम चाललं. अकरा गावांतल्या शेकडो बाया-माणसांना त्या मंदीत दगड फोडण्याची आणि वाहण्याची मजुरी मिळाली. चतुराबाईही पहिल्या उन्हाळ्यात दगड वाहायला होती.

सगळंच गोड झालं असं नाही. वाट झाल्यावर शिंगोरीत मिरच्या एकट्या चतुराबाईच्याच राहिल्या नाहीत. चार घरांनी लावल्या आणि पाचोडच्या बाजारात भाव निम्म्यावर आला. ती वैतागली, एक हंगाम तिनं वांगी करून पाहिली, मग तात्यासाहेबांच्या मोटारीतून औरंगाबादच्या शहागंजात माल पाठवायला लागली. शहरातून येणारं गिरणीचं कापड स्वस्तात गावोगाव पोचलं, तेव्हा एका वाडीतल्या साळ्यांच्या दोन घरांना माग गुंडाळून ठेवावे लागले. जाहेदा मात्र त्या पहिल्याच पावसाळ्यात बहिणीकडं जाऊन आठ दिवस राहून आली. निजामुद्दीननं हे सगळं, साळ्यांच्या घरांसकट, लिहून काढलं आणि फायलीला जोडलं. कुणी मागितलं नव्हतं.

पुंजारामसाठीही त्यानं एक अर्ज लिहिला होता. फरशीवरून पाणी गेलं की गाड्या अडवायला आणि उतरलं की सोडायला नदी ओळखणारा माणूस लागेल, असं त्यात होतं. साहेबांनी शेरा मारला, चार महिन्यांपुरता चौकीदार मंजूर. बाकीच्या आठ महिन्यांत पुंजाराम रस्त्याच्या डागडुजीवर जायचा. काहील त्यानं एका गुऱ्हाळवाल्याला विकून टाकली.

दुसऱ्या पावसाळ्यात निजामुद्दीन काम कसं टिकलंय ते बघायला गेला. तो पोचला तेव्हा फरशीवरून गुडघाभर पाणी धो-धो चाललं होतं. अलीकडं पंचवीसेक गाड्या थांबलेल्या, आणि सगळ्यांच्या पुढं तात्यासाहेबांची मोटार. रस्त्यावर आडवा दोर बांधून पुंजाराम दोराच्या अलीकडं उकिडवा बसला होता. तात्यासाहेबांनी भोंगा वाजवून पाहिला, मग उतरून सांगून पाहिलं, की पलीकडं त्यांचं मोठं काम खोळंबलंय, मोटार जड आहे, पाणी काही करणार नाही. पुंजारामनं त्यांना हात जोडले.

"मालक, तुमची मोटार जड हाय, पर नदी तिच्यापरीस जड हाय," तो म्हणाला. "दोन घटका बसा. मी सोडतो."

तात्यासाहेब धुसफुसले. मग कुणी तरी त्यांना घोंगडी अंथरून दिली आणि ते गाडीवाल्यांच्या घोळक्यात टेकले. तंबाखूची चंची फिरली, कापसाच्या भावावरून वाद सुरू झाला, आणि थोड्या वेळानं त्यात सगळ्यांत मोठा आवाज तात्यासाहेबांचाच होता. निजामुद्दीन एका कोपऱ्यात बसून ऐकत राहिला. त्याच्याजवळ तक्ताही नव्हता आणि पेन्सिलही नव्हती.

ऊन उतरायला लागलं तसं पाणी घोट्याखाली आलं. पुंजाराम उठला, दोर सोडला आणि अनवाणी फरशीवर उतरला. वाळूनं कुठं भर टाकलीय का, दगड निखळलाय का, हे पायानं चाचपत तो पलीकडच्या काठापर्यंत गेला आणि तिथून हात वर केला. गाडीवाल्यांनी बैल हाकले. एकामागून एक पंचवीस गाड्या गेल्या, त्यांच्या मागून मोटार गेली. सगळ्यांत शेवटी निजामुद्दीननं जोडे काढून हातात घेतले, पायजमा वर खोचला आणि पाण्यातून चालत पलीकडं गेला.